डाग नसलेला तुकडा

न्जाबिनी, किनांगोप
२ नोव्हेंबर १९९७

माझ्या आई,

नोकरी लागल्यापासून तू मला पत्रात ‘आदरणीय’ लिहायला लागलीस. ते बंद कर. मी तुझ्या बापाची बहीण आहे, तुझी साहेब नाही. तुझं नाव माझ्या आईचं ठेवलं, म्हणून जन्मापासून तुला आई म्हणत आले, तुझं नाक पुसतानासुद्धा. आता तू नाकुरूच्या कचेरीत खुर्चीवर बसतेस म्हणून त्यात काही बदलत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापासून पाऊस थांबलेला नाही. हा आपला नेहमीचा छोट्या मोसमाचा पाऊस नाही. रेडिओवाले म्हणतात, समुद्र तापलाय. समुद्र तापला तर माझी लाकडं का भिजली, हे मात्र कोणी सांगत नाही. न्यांदारुआचा डोंगर पंधरा दिवसांत दिसला नाही. धुकं सकाळी दाराशी येऊन बसतं ते दुपारचा मुकिमो शिजेपर्यंत उठत नाही, अगदी तुझ्या काकासारखं.

न्दिरांगू काल खरंच आला होता. कुंपणाशी काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. म्हणाला, “हिरवं दिसतंय.” मी म्हटलं, “दिसणारच, मी लावलंय.” तो म्हणाला, “हिरवं आहे तोवर तुझं.” आणि गेला. तुझ्या आजोबांचे शेवटचे शब्द तो असे तोंडात धरून फिरतो. या तुकड्यावर खायचं पीक उभं असेल तोवर तो वांगेचीचा, रिकामा पडला की न्दिरांगूच्या गाईंचा. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले त्याला सतरा वर्षं झाली. सतरा वर्षांत हा तुकडा मी एक दिवस रिकामा ठेवलेला नाही.

या वेळी आमच्या सावडीतल्या अकराही जणींनी माझ्याच खड्ड्यात साठवलेलं बटाट्याचं गुलाबी बियाणं लावलं. आणि सगळ्यांनी मिळून एक पाठीवरचा फवारणीचा पंप घेतलाय. निळा आहे. गाथोनी तो पाठीवर घेऊन चर्चपर्यंत चालून दाखवून आली, जणू काही नातूच झालाय.

तू खातेस ना नीट?

तुझी आत्या
वांगेची


नाकुरू
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय आत्या,

आदरणीय काढून टाकलं. पण मनातून काढलेलं नाही.

पंपाची बातमी वाचून इतका आनंद झाला की पत्र घेऊन मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवलं. मला इथे पहिलंच काम दिलंय ते बटाट्याच्या करप्यावरचं पत्रक लिहायचं. चार पानं, साध्या भाषेत, उंचावरच्या शेतकऱ्यांसाठी. मी लिहिताना डोळ्यांपुढे तुलाच ठेवते. वांगेचीला हे कळेल का, असं प्रत्येक वाक्याला विचारते.

आता नीट वाच. या पावसात आणि धुक्यात करपा येणारच, म्हणून तो यायच्या आधी फवारायचं. दुकानात पिवळसर भुकटी मिळते, मॅन्कोझेब, ती स्पर्शजन्य आहे. म्हणजे पानावर तिचा पातळ थर बसतो आणि बुरशीला आत शिरू देत नाही. एरवी सात दिवसांनी, या पावसात पाच दिवसांनी फवारा. पानांच्या खालच्या बाजूलाही लागलं पाहिजे. दुसरं औषध महाग आहे, आंतरप्रवाही, ते पानाच्या आत जातं. तेच तेच सारखं मारू नका. रोगाला सवय होते. सकाळी पान उलटून बघत जा. डागाच्या कडेला पांढरी लव दिसली तर समजायचं, करपा आला.

तोंडाला फडकं बांधा. पंप ओढ्यात धुऊ नका.

पंपाच्या पाळ्या कशा ठरवल्यात ते लिही. पत्रकात घालता येईल.

आत्या, या पंपानं काय काय होऊ शकेल याचा विचार करून मला झोप येत नाही. तुझ्या बटाट्यांवर मी शिकले. आता माझं शिक्षण तुझ्या बटाट्यांच्या उपयोगी पडू दे.

तुझी
न्यागुथी


न्जाबिनी
१८ नोव्हेंबर १९९७

माझ्या आई,

तुझं पत्र मी सावडीत वाचून दाखवलं. ‘आंतरप्रवाही’ला गाथोनी म्हणाली, हा कोणी पाद्री आहे का? पुढच्या वेळी माणसांसारखं लिही.

पाळ्यांचं विचारलंस. आमच्याकडे पाळी म्हणजे काय ते तू विसरलीस का? बाळंतिणीच्या घरी आम्ही सगळ्या लाकडाच्या मोळ्या आणि उजीच्या पेजेचं भांडं घेऊन जातो. जिला नड जास्त तिच्या दारात आधी जायचं. पंपाचंही तसंच ठरलं. जिचं शेत सगळ्यांत जास्त अडचणीत, तिच्याकडे पंप आधी. तिचं बरं झालं की मग पुढे. पहिल्याच बैठकीत ठरलं आणि कोणी दुसरा शब्द काढला नाही.

आता खरी गोष्ट. एकीच्या शेतात डाग पडलेत. तू लिहिलं होतंस तसं पान उलटून बघितलं, पांढरी लव होती. वास पण येतोय, कुजल्याचा. ओढ्याकडची खालची बाजू अर्धी काळी झालीय, वरची हिरवी आहे. गेले सहा दिवस पंप तिथेच आहे. रोज फवारतात. बाकीच्या दहा जणी वाट बघतात. तोंडानं कोणी काही बोलत नाही, पण परवा विहिरीवर मी आले तशा सगळ्या गप्प झाल्या.

शेवटी म्हणाल्या, तुझी पोरगी शिकली आहे, तिला विचार. तर मी विचारते. त्या शेताचं काय करायचं? ते वाचेल का? पंप तिथे ठेवायचा की हलवायचा? स्पष्ट लिही. मला ते मंगळवारी चर्चच्या पडवीत सगळ्यांसमोर वाचायचंय.

आणि लवकर लिही. नैवाशाकडचा रस्ता वाहून गेलाय. पत्रं मटाटू गाडीवाल्याच्या मर्जीनं येतात.

वांगेची


नाकुरू
२५ नोव्हेंबर १९९७

प्रिय आत्या आणि सावडीतल्या सर्व जणी,

हे पत्र सगळ्यांसाठी आहे, म्हणून सरळ लिहिते.

पिवळं औषध राखण करतं, बरं करत नाही. ज्या पानात रोग शिरला ते पान त्यानं परत हिरवं होत नाही. तुम्ही सहा दिवस आजारी शेतावर जे फवारलं ते वाया गेलं, आणि त्या सहा दिवसांत दहा चांगली शेतं उघडी राहिली. तुमचा नियम प्रेमातून आला आहे, हे मला कळतं. मी त्याच प्रेमात वाढले. पण बाळंतीण वेगळी आणि बटाटा वेगळा. इथे पंप आधी निरोग्याकडे गेला पाहिजे.

ते शेत वाचणार नाही. ते सगळं उपटा, वरची हिरवी बाजूसुद्धा. तिथे रोग दिसत नसला तरी पोचलेला असतो, आणि अशा हवेत त्या एका शेतातून रोजच्या रोज रोग उडतो आणि शेजारच्या पानांवर बसतो. उपटलेलं खोल खड्ड्यात पुरा. जमीन महिनाभर उघडी ठेवा, काहीही लावू नका, म्हणजे मागे राहिलेले कोंब दिसतील आणि तेही काढता येतील. हे याच आठवड्यात करा.

जिचं शेत आहे तिला वाईट वाटेल. ती म्हणेल, अजून एक फवारणी करून बघू. ऐकू नका. ती बाई ऐकत नसेल तर दहा जणींनी मिळून जा आणि उपटा. एकीच्या हट्टापायी अकरा घरांची चूल विझता कामा नये. तिला पुढच्या हंगामात सगळ्यांनी बियाणं द्या, ही खरी सावड.

(आत्या, हे खालचं वाचू नकोस सगळ्यांपुढे. शेत गाथोनीचं आहे ना? ती दर वर्षी उशिरा लावते आणि ओढ्याकडचे चर कधी साफ करत नाही. तिला तूच समजावू शकशील. कठोर राहा. तुझ्यात ते आहे.)

तुझी
न्यागुथी


न्जाबिनी
६ डिसेंबर १९९७

माझ्या आई,

पत्र सोमवारी पोचलं, मंगळवारी वाचलं. दोनदा वाचलं, कारण दुसऱ्यांदा ऐकायचंय असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. गाथोनी म्हणाली, “पोरीनं पत्र लिहिलंय की निकाल दिलाय?” त्यावर कोणी हसलं नाही.

बुधवारी सकाळी उपटलं. अकराही जणी होत्या. सावडीला गातात तसं गात सुरुवात केली, मग दुसऱ्या ओळीनंतर गाणं आपोआप थांबलं. बटाटे धरले होते, गोटीएवढे, लांब पांढऱ्या दोऱ्यांना लटकलेले. जेवायच्या आधी सगळं खड्ड्यात गेलं. जिचं शेत होतं ती रडली नाही. तिनंच पहिलं झाड उपटलं. तुझा तो दहा जणींनी मिळून जाण्याचा प्रसंग आला नाही.

पंप आता वरच्या अंगाच्या चांगल्या शेतांत फिरतोय. तू सांगितलंस तसं पानं उलटून, खालून फवारतात. तोंडाला फडकी बांधतात, एकमेकींना डाकू म्हणतात.

माझी काळजी करू नकोस. माझ्या तुकड्यात आता एकही डाग नाही.

माझ्या आईनं लहानपणी मला सांगितलेलं मी क्वचितच ऐकलं. या वेळी तिच्या नावाच्या माणसाचं ऐकलं. तिला बरं वाटलं असेल.

वांगेची


नाकुरू
१५ डिसेंबर १९९७

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडले. चांगलं रडू. विद्यापीठात चार वर्षं ऐकत आले की शेतकरी ऐकत नाहीत. माझ्या गावच्या अकरा बायकांनी एका दिवसात ऐकलं.

मी हा सगळा प्रसंग आमच्या वरिष्ठांना सांगितला. ते म्हणाले, पत्रकाच्या मधल्या पानावर चौकट करून घाल, लोकांना गोष्ट कळते. मी घातला. नाव अजून घातलेलं नाही. जिनं स्वतःच्या हातानं पहिलं झाड उपटलं तिचं नाव मला हवंय. ती गाथोनी असेल तर मी तिच्याबद्दल जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. तिला माझ्यातर्फे सांग की तिच्यामुळे दहा घरं वाचली.

तुझा तुकडा निरोगी आहे हे वाचून किती हलकं वाटलं. तू बोलत नव्हतीस म्हणून आत कुठेतरी भीती होती. न्दिरांगू काका अजून कुंपणाशी उभे राहतात का? राहू देत. जानेवारीत तुझं गुलाबी पीक निघेल तेव्हा त्यांनाच उचलायला बोलाव.

नाताळला यायचं खूप मनात होतं. पण दोन्ही पूल गेलेत, आणि पत्रक छापायला जायचंय.

तुझी
न्यागुथी

ता. क. तुझ्या बटाट्यांतले थोडे माझ्यासाठी ठेव.


न्जाबिनी
८ फेब्रुवारी १९९८

न्यागुथी,

मी गाथोनी. पत्र लिहायची मला सवय नाही. तू डिसेंबरपासून तीन पत्रं लिहिलीस, वांगेची उत्तर देत नाही. तिन्ही तिच्या उशीखाली आहेत. ती लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

पहिलं सांगते. ते शेत माझं नव्हतं. मी उशिरा लावते हे खरं, चर साफ करत नाही हेही खरं. पण तू कंसात लिहिलेलं वांगेचीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. वाचताना ती हसत होती. मला तेव्हा राग आला. ती का हसत होती ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आम्ही कोयते घेऊन निघालो आणि ती स्वतःच्या कुंपणाशी थांबली तेव्हा.

शेत कोणाचं ते आम्हा सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, पण तुझ्यापासून तिनं ते मुद्दाम लपवलं हे तेव्हा कळलं. कोणाचं ते तू तिला आधी विचारायचं होतंस, माझं नाव धरायचं नव्हतंस. आम्ही म्हटलं, वांगेची, पत्र तुझ्या पोरीचं आहे, तिला परत लिही, सांग कोणाचं आहे ते. ती म्हणाली, “तिला सांगितलं तर ती खरं लिहिणार नाही.” मग तिनं उपटायला सुरुवात केली. आम्ही काय करणार, आम्हीपण उपटलं. तिच्या ओळींमध्ये वाटाणा होता, तो पायाखाली गेला. जमीन उघडी ठेवा असं तू लिहिलं होतंस, म्हणून तिनं त्यात काही लावलं नाही. मी म्हटलं, निदान कडेनं कोबी लाव. नाही म्हणाली, न्यागुथीनं महिनाभर म्हटलंय.

पाचव्या दिवशी न्दिरांगूनं गाई घातल्या. भांडला नाही, ओरडला नाही. फक्त फाटक उघडलं. वडिलांचा शब्द आहे, त्याच्या विरुद्ध आम्ही काय बोलणार? आता तिथे चाऱ्याचं गवत लावलंय. तिचं घर त्याच तुकड्यावर होतं, म्हणून वांगेची माझ्या स्वयंपाकघरात झोपते. खोकते. तिला म्हटलं हे तुला लिहिते, तर म्हणाली, लिही, पण खोकल्याचं लिहू नको.

आता दुसरं. बाकीची दहा शेतं. नाताळपर्यंत सहा गेली, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उरलेली. पिवळं मारलं की तासाभरात पाऊस धुऊन न्यायचा. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते महागाचं घेतलं, ते आत जाणारं, तुझा पाद्री. त्यानंही काही झालं नाही. दुकानदार म्हणतो, इथे सगळे चार वर्षं तेच मारतायत. आम्ही कोणी उपटलं नाही. काळं झालेलं तसंच ठेवलं आणि जानेवारीत खालून खणून काढलं, अक्रोडाएवढे निघाले. तेवढ्यावर महिना गेला. वांगेचीला तेवढेही नाहीत. आणि बियाण्याचा खड्डा तिचाच होता, तर बियाणं आता कोणाकडेच नाही.

मी तुला दोष देत नाही. पाऊस तू पाडला नाहीस. मला एकच विचारायचंय. ते वांगेचीचं शेत आहे हे तुला माहीत असतं, तर तू काय लिहिलं असतंस?

काळी पडलेली पानं पाकिटात घातलीत. तुझ्या कचेरीत कोणाला दाखवायची असतील तर दाखव.

गाथोनी


नाकुरू
१ मार्च १९९८

आत्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. गाथोनी मावशींनाही वाचून दाखव. कंसातलं काही नाही.

पानं मी आमच्या प्रयोगशाळेत दिली. त्यांनी पानांचे तुकडे महागाच्या औषधाच्या पाण्यात ठेवले. सहाव्या दिवशी त्या तुकड्यांवर पांढरी लव वाढली. म्हणजे आपल्या भागातल्या रोगाला त्या औषधाची सवय झाली आहे. आणि पिवळं औषध असल्या पावसात टिकत नाही. म्हणजे तुमची शेतं कशानंही वाचणार नव्हती. तुझं उपटलं नसतं तरी नाही, उपटलं तरी नाही. फरक एवढाच पडला असता की तुझ्या तुकड्याच्या वरच्या बाजूला नाताळपर्यंत हिरवं दिसलं असतं, तुझा वाटाणा राहिला असता, आणि काका कुंपणाबाहेर राहिले असते.

मी वरिष्ठांना म्हटलं, पत्रक थांबवा. ते म्हणाले, नियम चुकीचा आहे का? आधी निरोगी, मग आजारी, हे चूक आहे का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग? पत्रक वाटलं गेलं. मधल्या पानावर चौकट आहे. “एका गावातल्या धाडसी स्त्रीने स्वतःच्या हाताने...” अशी ती सुरू होते. ती वाक्यं माझी आहेत. ती मी आनंदात लिहिली होती.

गाथोनी मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. शेत तुझं आहे हे माहीत असतं तर मी लिहिलं असतं, थांब, अजून एक फवारणी करून बघ. वरची हिरवी बाजू ठेव. वाटाणा ठेव. पुस्तकात कुठेतरी तशी सूट मी शोधून काढली असती आणि ती मिळालीही असती. दुसऱ्या बाईसाठी मी ती शोधली नाही. तिला मी नावसुद्धा दिलं नाही, ‘ती बाई’ म्हटलं. तिच्यावर दहा जणी सोडल्या. तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी तुला खरं लिहिलं नसतं. पण मी ज्याला खरं समजत होते ते फक्त ती बाई दूरची होती म्हणून सोपं होतं.

मला घरी यायचंय. तू झोपतेस ती जागा बघायचं धैर्य अजून होत नाही.

खोकल्याबद्दल गाथोनी मावशींनी लिहिलंय.

न्यागुथी


न्जाबिनी
१९ एप्रिल १९९८

माझ्या आई,

गाथोनीला पोटात काही ठेवता येत नाही. खोकला धुराचा आहे, तिची चूल वाईट आहे.

तुझं पत्र वाचलं. सावडीत वाचलं नाही. सावड आता तशी भरत नाही. दोघी जणी नैवाशाच्या फुलांच्या मळ्यांवर कामाला गेल्या. पंप चर्चच्या कपाटात आहे. त्याचा निळा रंग अजून छान आहे.

तू चुकलीस असं मी म्हणणार नाही. बरोबर होतीस असंही म्हणणार नाही. मी तुझ्या काकाच्या गवताजवळून रोज जाते. चांगलं वाढलंय. त्याला रोग लागत नाही.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. उपटलं त्या दिवशी मी सात बटाटे कमरेच्या फडक्यात बांधले होते, वरच्या हिरव्या बाजूचे, गोटीएवढे. सगळं पुरा म्हटलं होतंस, पण मी सात चोरले. गाथोनीच्या मागच्या अंगणात एक भोक पडलेलं पातेलं होतं, त्यात माती घालून लावले. मार्चअखेर सातही उगवले. गुलाबी देठ, बघत राहावं असे. बाजारातून थोडं दुसरं बियाणं आणून लोकांनी आजूबाजूला परत बटाटे लावलेत. कसे आणले मला माहीत नाही. चार शेतं हिरवी आहेत. मोठा पाऊस सुरू झालाय, धुकं दाराशी बसायला लागलंय.

आज सकाळी पानं उलटून बघितली. तिसऱ्या रोपाच्या खालच्या पानावर एक डाग आहे. कडेला पांढरी लव. बाकीची सहा हिरवी दिसतात. आपल्या गुलाबी बियाण्यातलं आता एवढंच आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. गाथोनीला अजून दाखवलेलं नाही. तिनं पाहिलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि बाकीच्या काय म्हणतील तेही.

काय करू, ते लिही. या वेळी आधीच सांगून ठेवते, शेत माझं आहे.

वांगेची